यशोदेच्या मापाचा ब्लाउज

स्वतः न जाता मला शिंपिणीकडे धाडण्यात यशोदेचा फायदा सरळ होता. अंगाला टेप लागणार नव्हती, आणि आपण किती झिजलो ते कुणाला कळणार नव्हतं. कळलं असतं तर इस्पितळ आलं असतं, आणि तिच्या मुलीचं, प्राजक्ताचं, वैशाखातलं लग्न पुढे गेलं असतं.

मित्रांनो, मी यशोदेचा मापाचा ब्लाउज. नवं कापड शिवायला टाकताना नमुन्याला देतात तो जुना, नेमका बसणारा ब्लाउज. देवगडजवळच्या आमच्या गावात शर्मिला शिंपिणीने मला शिवलं, तेव्हा माप अंगावर घेतलं होतं. आधी तिने मला बेतलं, म्हणजे कापण्यापूर्वी कापडावर खडूने आखलं. मग टक्स घातले. कापड चिमटीत धरून शिवलं की सपाट कापडाला अंगाचा गोलवा येतो, तो टक्स. शिवणीच्या आत तिने थोडं जादा कापड राखलं, त्याला माया म्हणतात. पुढे अंग भरलं तर तिथून उसवून ब्लाउज सैल करता येतो. अंग उतरेल, हा हिशेब शिवताना सहसा कुणी करत नाही.

पुढे कितीतरी वर्षं मी पिशवीतून शर्मिलाकडे ये-जा केली. "ह्या मापाक चूक नाय," ती म्हणायची. मला मान होता.

मग यशोदेचं पोट दुखू लागलं, जेवण जाईना. रोजचे ब्लाउज तिने दार लोटून स्वतःच आत घेतले, धावदोऱ्याने. म्हणजे हातसुईची साधी, ओढली की निघणारी शिवण. मला मात्र हात लावला नाही. मी जुनाच राहायला हवा होतो. नवरा परशुराम बागायतदार. देठ बघून आंबा कधी पिकेल ते सांगायचा. बायकोच्या बांगड्या कोपरापर्यंत चढल्या, त्या काही त्याला दिसल्या नाहीत.

लग्नातला आईचा ब्लाउज शिवायला टाकायला प्राजक्ता मला घेऊन गेली.

"आवशीक घेवन ये गो," शर्मिला म्हणाली. "परवा बाजारात बघलंय तिका. ह्या मापात आता दोन यशोदा मावतीत."

"काकी, तुझा आपला कायतरीच! आई म्हणता, जुन्याच मापाचो शिव. आंब्याचे पेटये भरूचे आसत, तिका वेळ नाय."

"पेटये भरूक वेळ आसा, दोन मिनटां उभी रवाक नाय?"

प्राजक्ता हसली. शर्मिलाने जुन्या मापाने शिवला.

लग्नादिवशी यशोदेने आधी मला घातलं, माझ्यावर नवा, आणि दोघांना पिनांनी टाचलं. तिच्या फासळ्या मला टोचत होत्या. विहीणबाई म्हणाल्या, "तब्येत बरी आसा हां तुमची!" यशोदा बक्षीस मिळाल्यासारखी खुलली.

मुलगी सासरी गेल्यावरच तिने दुखणं सांगितलं. डॉक्टरांनी परशुरामाला बाजूला घेतलं. उशीर झाला होता. भाताची लावणी आटपायच्या आत ती गेली.

कपाट आवरताना प्राजक्ताला मी सापडलो, नव्या ब्लाउजाच्या आत, तसाच टाचलेला. ती आम्हांला घेऊन शर्मिलाकडे आली. शर्मिलाने एकेक पिन काढली.

"काकी, ह्याच मापाचो माका एक शिव."

"नाय. तुझा माप तुझ्या आंगार. हात वर कर."

प्राजक्ता हात वर करून रडू लागली.

"रड, पण हलू नको," शर्मिला म्हणाली. "माप चुकात."

मित्रांनो, तुमच्या घरूनही मापाला कपडा जात असेल. अधूनमधून त्याच्या माणसालाही सोबत न्या. कपड्याला फक्त जुनं माप ठाऊक असतं.

लग्न ठरल्या तारखेला लागलं, ते सगळ्यांना मिळालं. त्याची किंमत यशोदेने जिवाने मोजली. परशुराम आता एकटाच पेट्या भरतो. आणि प्राजक्ताच्या भिंतीवरच्या फोटोत आई चांगली भरलेली दिसते. बघणारे म्हणतात, काय ठणठणीत होती. प्राजक्ता हो म्हणते.