मेलेल्याने हरकत घ्यावी

या, जवळ सरकून बसा. प्रभूचं नाव घेऊन एका विधवेची गोष्ट सांगतो. 

अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्या-काळ्यांची बाकं अजून वेगळी होती तेव्हाची ही गोष्ट. मंगळवारी सकाळी काळ्यांच्या वस्तीतली ऑडेसा टॉलिव्हर आरशापुढे टोपी बसवत होती. नणंद विनी दारातून म्हणाली, “वहिनी, राजधानीला निघालीस की विमा आयुक्तांच्या लग्नाला?”

“विमा खात्याची सुनावणी आहे. चर्चमध्ये सगळ्यांपुढे उभी राहून देवाची साक्ष देताना घालते तीच टोपी. तिथंही खरंच बोलायचंय ना?”

“तिथं ‘आमेन’ म्हणायला कुणी नसतं, बाई!”

ऑडेसाचा नवरा लेम्युएल जन्मभर लाकडाच्या गिरणीत राबला. दर शनिवारी दारी येणाऱ्या एजंटाला अंत्यविधीच्या विम्याचा हप्ता देत राहिला. जगणं कसंही गेलं तरी माती इभ्रतीनं व्हावी, ही त्या वस्तीची रीत. पोरांच्या दुधात पाणी घालतील, पण हप्ता चुकवणार नाहीत. लेम्युएल गेला आणि कळलं, की काळ्यांना रोख मिळत नाही. कंपनी देईल ती शवपेटी मुकाट घ्यायची. गोऱ्यांना मात्र निवडीची मुभा. दफनभूमीत त्या पेटीचा तळच सुटला.  लेम्युएलला भाऊबंदांनी हातांवर झेललं.

तोच नियम कंपनीला पुढे चालू हवा होता. त्यावर सरकारनं शिक्का मारण्याआधी ‘कुणाची हरकत?’ असं विचारायचं, असा कायदा. आजवर कुणी फिरकलं नव्हतं. आज सुनावणीत मागच्या बाकावरून ऑडेसा उठली.

कंपनीचा वकील हसला. “साहेब, या लोकांना रोख दिलीत, तर मढं राहील घरात आणि पैसे जातील गुत्त्यात!”

आयुक्त मात्र गोड बोलणारे. “मावशी, विमा कुणाच्या नावावर होता?”

“आमच्या ह्यांच्या.”

“मग हरकत त्यांनी घ्यायची. तुम्हाला तो हक्क नाही.”

“ते जमिनीत आहेत, साहेब.”

“कायद्याला माझा इलाज नाही.”

“बरं. माझा विमा माझ्या नावावर आहे आणि मी जिवंत आहे. माझी हरकत घ्या.”

“पण तुमचं अजून नुकसान कुठं झालंय? तुमची पेटी वाईट निघेल, हे मेल्याशिवाय कसं म्हणता?”

 मग ऑडेसा चर्चमध्ये साक्ष देतात त्या सुरात, लेम्युएल हातांवर कसा आला ते सांगू लागली. कारकुनानं टेबल आपटलं. “हे चर्च नाही!”

“ते मला आत येताच कळलं,” ती म्हणाली.

शिक्का बसला.

शनिवारी एजंट पायरीवर आला. “काय ऑडेसा, हप्ता?”

“आजपासून बंद.”

“कुत्र्यासारखी पुरतील तुला!”

“विमा भरणाऱ्याला कसं पुरतात ते पाहिलंय मी.”

शेजारच्या दारात विनीनं मान खाली घालून आपला हप्ता दिला. रविवारी प्रवचनानंतर ऑडेसा उभी राहिली. “आपल्या माणसांच्या पेट्या आपणच करू. कोण येतंय?” सुतारकाम येणारे दोघे उठले. बाकीच्यांनी प्रार्थनेला डोळे मिटतात तसे मिटून घेतले.

मंडळी, आज दिवा लावाल तेव्हा लेम्युएल टॉलिव्हरची आठवण ठेवा. त्याची हरकत अजून कुणी ऐकलेली नाही.