बाटल्या फोडणारीचं लिव्हर

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारू मिळते, फक्त दुकानावर पाटी नसते. अल्लीपूरच्या अलीकडे आमचं गाव. तिथं ती डोमाजीच्या गोठ्यात मिळते आणि तिच्या बाटल्या फोडायला आमचं महिला मंडळ आहे. मंडळाची अध्यक्ष मी, जयवंता. वर्षानुवर्षं आम्ही बाया त्याच्या गोठ्यात शिरतो, मोहाच्या दारूचे डबे पालथे करतो, बाटल्या दगडावर आपटतो. डोमाजी शिव्या घालतो आणि आठ दिवसांत पुन्हा धंदा मांडतो. तो थकत नाही, मीही थकत नाही.

आणि लिव्हर बिघडलं ते माझं!

झालं असं की शुगर दाखवायला मी मुलाबरोबर, सचिनबरोबर, वर्ध्याच्या दवाखान्यात गेले होते. तिथं पोटाची सोनोग्राफी केली. इला नावाची डॉक्टरीण होती, वयानं माझ्या लेकीएवढी, पण लिव्हरच्या आजारांवर तिचं संशोधन चाललेलं. ती म्हणाली, "काकू, तुमच्या लिव्हरमध्ये चरबी साठली आहे. ते आता कडक व्हायला लागलंय."

मी ताडकन उठून बसले. "माय, मी तं थेंब नाई घेतला कधी!"

ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. "माहीत आहे. आमचा अभ्यासच न पिणाऱ्यांच्या लिव्हरवर आहे. शुगरनं होतं, वजनानं होतं. आठवीतल्या मुलांमध्येसुद्धा सापडतंय. नवी औषधं येताहेत, पण आजच्या घडीला वजन उतरवणं हाच खरा उपाय. तुमच्या गावातली माणसं तपासायला मिळाली तर फार बरं होईल. मशीन घेऊन मी येते."

"ये," मी म्हटलं. "गाव माह्यं आहे."

गाव माझं होतं, पण सचिनची जीभ माझी नव्हती. त्यानं पानठेल्यावर सहज सांगून टाकलं, आईचं लिव्हर खराब झालं. पोराच्या मनात काळजीच होती. पण आमच्याकडे लिव्हर फक्त दारुड्यांनाच असतं, बाकीच्यांना गॅस होतो. संध्याकाळपर्यंत डोमाजीचं वाक्य घरोघर पोचलं होतं: "जयवंताबाई बाटल्या फोडत नाई, रिकाम्या करते."

चोराच्या उलट्या बोंबा. पण बोंब ऐकायला लोकांचे कान मोकळेच असतात. विहिरीवर बाया गप्प होऊ लागल्या. मंडळाच्या बैठकीला मी सतरंजी अंथरून बसले, तर आल्या दोघीच. ज्यांच्या नवऱ्यांना मी गचांडी धरून घरी आणून सोडलं होतं, त्याच माझ्याकडे पाहिनात. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? रागानं आलं, पण आलं.

सचिन म्हणाला, "आई, सोडून दे न अध्यक्षपद. गॅसच होता म्हनून सांगू लोकाइले."

"गॅस तुह्या डोक्यात आहे," मी म्हटलं. "काऊन सोडू? डोमाजीले सोपं जावं म्हनून?"

बैठकीला आलेल्या दोघींत एक शकुबाई होती, मंडळातला माझा उजवा हात. तिचा नवरा तानबा पीत असे, हे सगळ्या गावाला ठाऊक. अलीकडे त्याचे डोळे पिवळे झाले होते आणि पोट तटतटून आलं होतं. शकुबाई सांगे, कावीळ आहे, झाडपाला चालू आहे. दवाखान्याचं नाव काढलं की ती विषय बदले. नवऱ्याचं लिव्हर गेलं असं डॉक्टर म्हणाले, तर दारूबंदीवालीनं तोंड कुठं दाखवायचं? तिला मंडळाची अब्रू सांभाळायची होती. म्हणजे माझीच.

तपासणीच्या दिवशी समाजमंदिरात मशीन लागलं. बाहेर ही गर्दी! सरपंच आले, पोलीस पाटील खुर्ची टाकून बसले, पोरं खिडक्यांवर चढली. पण आत जायला एकही माणूस तयार नाही. जो आत गेला तो दारुडा, असं ज्यानं त्यानं मनाशी ठरवलेलं. सगळीकडे अळीमिळी गुपचिळी.

तेवढ्यात पारावरून डोमाजीचा आवाज आला. "पह्यले अध्यक्षीनबाईनं सांगावं, पेते का नाई पेते. पेत असन तं मंडळ सोडावं!"

इला मॅडम लालबुंद होऊन उठली. "मी डॉक्टर आहे, मी सांगते. या काकू..."

मी तिचं मनगट धरलं. "मॅडम, तुमी बसा."

मग पदर खोचला आणि पाराकडे वळले. "बरं डोमाजी, समज का पेते मी. आता तूच सांग, घेते कोनापासून?"

डोमाजीचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. गावात दारू विकणारा तो एकटा. पोलीस पाटील खुर्चीत सरळ होऊन बसले.

"बोल न बाप्पा, काऊन चूप? नगदी घेते का उधार? घरी आनून देते कोनी, का मीच गोठ्यात येते?"

आधी खिडकीतली पोरं हसली, मग बाया, मग सरपंचसुद्धा. डोमाजीनं दुपट्टा झटकला, गाईला पाणी दाखवायचं राहिलं असं काहीतरी पुटपुटला आणि वाटेला लागला.

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! इला माझ्या कानाशी लागली, "काकू, आता तरी सांगू द्या. लोक ऐकतील." खरंच ऐकलं असतं. तिच्या एका वाक्यानं मी धुतल्या तांदळासारखी झाले असते.

पण भिंतीला टेकून तानबा बसला होता. हसणाऱ्या माणसांत तो एकटाच हसत नव्हता. पोटावर हात ठेवून मशीनकडे पाहत होता. न पिणारी म्हणून मी आज सुटले, तर तो कुणाच्या शब्दावर आत जाणार होता? त्याच्यासाठी अशी ग्वाही कोण देणार होतं?

"मॅडम काईच सांगनार नाई," मी मोठ्यानं म्हटलं. "मी पेते का नाई, याचा जवाब मी कोनालेच देनार नाई. लिव्हर बिघडलं का दवाखान्यात जा लागते. न पेनाराले जा लागते, पेनाराले बी जा लागते. आठवीतल्या पोराइले होते म्हनते मॅडम, त्याइनं कोनती पेली? अन पेनाराचं लिव्हर काय सरकारनं जप्त केलं?"

मी आत जाऊन बाकावर आडवी झाले. मॅडम पडदा ओढू लागली, तर म्हटलं, राहू दे. तिनं उजव्या बरगड्यांमध्ये मशीनची कांडी टेकवली. टिचकी मारल्यासारखं वाटलं, बस. लिव्हरच्या कडकपणाचा आकडा चांगला नव्हता. तोही मी तिला मोठ्यानं वाचायला लावला.

उठून बसते तर शकुबाई तानबाचा दंड धरून दारात उभी. त्याचे पाय सुजले होते, उंबरा ओलांडताना त्याला दम लागला.

"वैनी, मी तं पेतो," तो म्हणाला. सगळ्या गावानं ऐकलं. शकुबाईनं मान खाली घातली नाही. "मॅडमच्या अभ्यासात मी चालत नसन."

"अभ्यासात नाही घेता येणार," इला म्हणाली. "पण तपासता येईल. आणि मग आज माझ्याच गाडीत दवाखान्यात चला. थांबू नका."

शकुबाईनं आणि मी त्याला निजवलं. पोटावर हात फिरवता फिरवता इलाचा चेहरा उतरत गेला. तानबानं तो पाहिला असावा, कारण त्यानं डोळे मिटून घेतले.

मला राग आला. त्याचा आला, डोमाजीचा आला, माझाही आला. "बरा होऊन ये," मी म्हटलं. "अन मंग बाटली दिसली तं फोडीन, सांगून ठेवते."

"फोडजो," तो म्हणाला. त्यानं चाचपडत माझं मनगट धरलं. "पन आत्ता जाऊ नको, वैनी."