गाठ आतल्या बाजूला

चादर ही मुळातच पळपुटी जात. झोपताना चारी कोपरे नीट खोचून ठेवावेत, तर सकाळी एक कोपरा पायाशी, दुसरा पाठीखाली आणि तिसरा जमिनीवर लोळत असतो. माणसं वर्षानुवर्षं यावर चिडतात, एकमेकांच्या लाथांवर आळ घेतात आणि पुन्हा खोचत बसतात. पट्टेवालीने मात्र या चिडचिडीवर आपलं पोट चालवलं होतं.

तिचं दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक खोली, त्यात शिलाई मशीन, इलॅस्टिकची भेंडोळी आणि चिमट्यांचा डबा. पँटच्या गॅलिसला असतो तसा चिमटा पट्ट्याच्या दोन्ही टोकांना, मध्ये रुंद इलॅस्टिक. गादीच्या प्रत्येक कोपऱ्याखालून एक पट्टा आडवा ओढायचा, चिमटे चादरीला लावायचे, की झोपणारा कुस्ती खेळला तरी चादर हलायची नाही. तिचं खरं नाव विसरून सगळा रस्ता तिला पट्टेवाली म्हणायला लागला होता. एकदा एका नव्या माणसाने दारात येऊन, "बाई, तुम्ही कुठल्या ऑफिसात पट्टेवाल्या आहात? तुमच्या साहेबांना अर्ज द्यायचा होता," असं विचारलं. अर्ज राहिला बाजूला, तिने त्याच्या गळ्यात चार पट्टे मारून त्याला घरी पाठवलं.

हे कसब तिच्या बापाचं. बाबा गादीवाले होते. हयातभर त्यांनी गाद्या भरल्या, शिवल्या आणि उसवून पुन्हा भरल्या. गादीवरच्या चादरीला सुरकुती दिसली की त्यांना कोणी शिवी दिल्यासारखं व्हायचं. दादाला, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, कापसाची शिंक यायची, म्हणून तो लवकरच त्या धंद्यातून सुटला. ही मात्र काडीसारखी पोर बाबांच्या मांडीला टेकून बसायची. बाबा तिला सुई म्हणत. दोरा ओवून देणारी सुई, हरवली की घरभर शोधावी लागणारी सुई.

जाड कापडावर टिकणारा टाका त्यांनीच तिला शिकवला. आधी चौकट, चौकटीत फुली, मग तीन टाके उलट मागे यायचं आणि हाताने गाठ मारून ती आतल्या बाजूला दडवायची. "गाठ दिसली की शिवणारा उघडा पडला," बाबा म्हणत. बाजारात सगळे मशीनवर दोनदा पुढेमागे करतात आणि दोरा तोडतात. असा टाका घालणारे दोघंच होते, बाबा आणि त्यांची सुई.

पुढे बाबांच्या डोक्यातले कोपरेही एकेक करून सुटायला लागले. दार उघडं दिसलं की चालू पडायचे. एकदा गॅस सुरू ठेवून भांडं शोधत बसले. दुकानामागच्या तिच्या खोलीला उभा जिना, रस्त्यावर गाड्यांची वर्दळ. तिथे त्यांना ठेवायची तिची छाती होईना. म्हणून बहीणभाऊ एक वृद्धाश्रम बघायला गेले. स्वच्छ जागा होती, कुंड्यांतून फुलं होती. पण खिडकीजवळच्या पलंगावर एक म्हातारी होती आणि तिचे दोन्ही हात फाडलेल्या चादरीच्या चिंध्यांनी पलंगाला बांधलेले होते. म्हातारी ओरडत नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्याला ती अगदी घरगुती आवाजात, "एवढं सोडता का?" असं विचारत होती.

दोघंही बाहेर आले. दादा फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसला आणि ढसाढसा रडला. एवढा बाप्या माणूस रडताना तिने आधी पाहिला नव्हता.

"आपल्या बाबांना असं कोणी बांधणार नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे राहतील ते. शब्द देतो तुला."

त्या शब्दावर तिने बाबांना दादाकडे धाडलं. जाताना बाबा, "सुई कुठंय?" असं विचारत होते आणि ती शेजारीच उभी होती. तिला वाईट वाटलं, पण जीव भांड्यात पडला हेही खरं. तिने बाबांच्या पलंगासाठी आपल्या हाताने चार पट्टे शिवून दिले. अंथरुणात पडून राहणाऱ्याला सुरकुतीने जखमा होतात, हे तिला ठाऊक होतं.

काही दिवसांनी दादाचा फोन आला.

"अगं, तुझे पट्टे एकदम झकास आहेत. अजून दोन हवेत, पण छोटे. वीतभर, वर दोन बोटं."

"एवढे छोटे कशाला?"

"उशीचा अभ्रा सरकतो गं. आणि चिमटा नको, बक्कल लाव. चिमटा सुटतो. एक कडी पण शिव, पलंगाच्या दांडीला अडकवायला. आणि हे बघ, आतून मऊ कापड लाव. टोचतं त्यांना."

हे ऐकून तिला भावाचं केवढं कौतुक वाटावं. ज्या माणसाने जन्मात कधी उशीला अभ्रा घातला नाही, तो बापाच्या गालाला टोचतं म्हणून मऊ कापड मागत होता. तिने आपल्या जुन्या दुलईतलं फ्लॅनेल कापून काढलं, धुतलं, इस्त्री केलं आणि आतून लावलं. चौकट, फुली, तीन टाके मागे, गाठ आत. दादा स्वतः येऊन घेऊन गेला. चहा पिऊन, "तुझ्या हाताला तोड नाही," म्हणाला.

आता ही बाई कशी, तर नुसता आकडा ऐकून हा गळा, ही बाही, ही कंबर असं सांगणारी. गिऱ्हाइकाने माप चुकीचं दिलं तर फोनवरच हटकणारी. वीतभर आणि वर दोन बोटं म्हणजे काय, हे तिला कळू नये? पण भावावर विश्वास होता, आणि विश्वास असला की माणूस मापं तपासत नाही.

दर रविवारी ती संत्री घेऊन दादाकडे जायची. बाबा धुतलेल्या सदऱ्यात, भांग पाडून खुर्चीत बसलेले असायचे. वहिनी चहा टाकायची. सगळं कसं छान चाललेलं. फक्त बाबा बदलले होते. पूर्वी ती संत्रं सोलायची आणि ते तोंड पुढे करायचे. आता तिला पाहिलं की मान भिंतीकडे वळायची. ती हात हातात घ्यायला गेली की ते दोन्ही हात सदऱ्याच्या बाह्यांत ओढून घ्यायचे. सुई हा शब्द तर त्यांच्या तोंडून गेलाच होता.

"तुला विसरायला लागलेत," दादा हळू आवाजात म्हणायचा. "मनाला लावून घेऊ नकोस. आजारच तसा आहे."

ती मनाला लावून घ्यायची. घरी येऊन उरलेली संत्री एकटी खायची आणि रडायची. बाप हयात असून आपण पोरक्या झालो, असं तिला वाटायचं. तिला बाकी काही नको होतं. बाबांनी जायच्या आधी एकदा तिला ओळखावं, एवढंच हवं होतं.

मग एका बुधवारी दुपारी दादाच्या घराजवळच एका गिऱ्हाइकाला पट्टे पोचवायचे होते. काम झाल्यावर तिने विचार केला, आलोच आहोत तर डोकावून जाऊ. वहिनी कामावर गेलेली. दादाची रातपाळी, तो झोपला असेल म्हणून तिने बेल वाजवली नाही. तिच्याकडे एक किल्ली होती, ती लावून ती आत गेली आणि बाबांच्या खोलीचं दार ढकललं.

चादर अगदी सपाट होती. एक सुरकुती नव्हती. आपलं काम बघून बरं वाटायची सवय असते ना, तसं क्षणभर तिला बरं वाटलंदेखील. मग तिला हात दिसले. दोन्ही मनगटांना तिचे छोटे पट्टे होते, बक्कल घट्ट लावलेली, कड्या सुतळीने पलंगाच्या दांड्यांना बांधलेल्या. बाबा जागे होते आणि छताकडे बघत होते.

केसाने गळा कापणं म्हणतात, ते तिने ऐकलं होतं. दादाने तर त्यासाठी दुसऱ्याचा केससुद्धा घेतला नव्हता. तिच्याच हातून शिवून घेतलं होतं.

तिने बक्कल सोडायला घेतली. स्वतः शिवून लावलेली बक्कल तिला सुटेना. पट्ट्याच्या खाली मनगटाची कातडी मऊ आणि पांढरी होती, ओरखडा नव्हता, फ्लॅनेल चांगलं होतं ना. रविवारी हात बाह्यांत का जायचे, ते आता तिला कळलं. म्हणजे कळलं असं तिला वाटलं.

खुडबुड ऐकून दादा उठून आला. डोळे चोळत दारात उभा राहिला आणि तिला बघून त्याचा चेहरा उतरला.

"तू आज कशी?" तो म्हणाला.

"हा उशीचा अभ्रा का रे?"

त्याने नजर सुतळीवरून बाजूला घेतली.

"दादा, मी विचारते आहे. हा अभ्रा का?"

"रात्रभर जागून येतो मी," तो म्हणाला. "ती कामावर. मी झोपलो की हे उठतात. दोनदा रस्त्यावरून धरून आणलंय. एकदा न्हाणीत पडले, तुला सांगितलं नाही. मी काय करू? तू रविवारी येतेस, संत्रं सोलतेस आणि जातेस."

यात खोटं काही नव्हतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

"मला सांगायचं होतंस. मी नेलं असतं. दुकान बंद ठेवलं असतं. पण तू शब्द दिला होतास. त्या कट्ट्यावर रडला होतास तू."

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं कसं असतं ते."

"आणि माझ्याकडून शिवून का घेतलंस? बाजारात मिळतात की असले."

दादा खरोखरच गोंधळला. इतकं सोपं तिला कसं कळत नाही, असं त्याच्या तोंडावर होतं.

"बाजारातले टोचतात गं," तो म्हणाला. "तुझं काम चांगलं असतं."

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही, कारण तेवढ्यात एक बक्कल सुटली आणि बाबांचा हात मोकळा झाला. त्या हाताने त्यांनी आधी काय करावं? त्यांनी दुसऱ्या मनगटावरचा पट्टा चाचपला. अंगठा फ्लॅनेलच्या कडेवरून फिरवत नेला, एका जागी थांबवला आणि तिथेच दाबून धरला. चौकटीवर, फुलीवर, आत दडवलेल्या गाठीवर. मग ते तिच्याकडे बघून बोलले. किती दिवसांनी ते असं सरळ तिच्याकडे बघत होते.

"टाका तुझा आहे, सुई," बाबा म्हणाले. "पहिल्याच दिवशी ओळखला मी."

ते रागावून बोलले नाहीत. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. लेकीने आपल्याला बांधलं, हे त्यांनी केव्हाच धरून ठेवलं होतं, आणि ज्या डोक्यात काल जेवलो की नाही एवढंही टिकत नव्हतं, त्या डोक्यात हे एकच पक्कं बसलं होतं. मान भिंतीकडे वळायची ती विसरल्यामुळे नव्हे. ते तिला दर रविवारी ओळखत होते.

"बाबा, मी नाही बांधलं तुम्हाला," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं. मला अभ्रा म्हणून सांगितलं."

बाबांनी मान हलवली, लहान पोराने थाप मारल्यावर हलवावी तशी. "शिवलंयस मात्र छान," ते म्हणाले.

ती दादाकडे वळली. "सांग त्यांना," ती म्हणाली. "तू सांग. तुझ्या तोंडाने सांग."

दादाने सांगितलं. पलंगाशी वाकून, बाबांच्या कानाजवळ तोंड नेऊन त्याने सांगितलं की मी बांधलं, हिला माहीत नव्हतं, मी तिच्याशी खोटं बोललो. सांगताना पुन्हा रडला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि अंगठा तिथेच गाठीवर ठेवून त्याला विचारलं, "तुला टाका घालता येतो?"

त्याच दिवशी ती बाबांना घरी घेऊन गेली. दादाने रिक्षा आणली, औषधांची पिशवी दिली, कपडे भरून दिले. ती त्याच्याशी बोलली नाही. त्याने "येत जाईन" म्हटलं, त्यावरही बोलली नाही. दुकानाला तिने कुलूप लावलं, जिन्याच्या दाराला आडवी फळी ठोकून घेतली आणि स्वतःची खाट बाबांसाठी रिकामी केली.

बाबांना स्टुलावर बसवून ती अंथरूण घालायला लागली. स्वच्छ चादर झटकून पसरली, कोपरे खाली घेतले. हाताच्या सवयीने डब्यातला एक पट्टा उचलला, नेहमीचाच, लांब, चिमट्यांचा, आणि गादीखाली सरकवण्यासाठी वळली.

बाबा स्टुलावर ताठ बसले होते. त्यांची नजर पट्ट्यावर होती. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या, दोन्ही मनगटं जोडून तिच्यापुढे धरली आणि तिला वेळ लागतो आहे असं पाहून म्हणाले, "घे, बांध. मी हलत नाही."

तिने पट्टा खाली टाकला. त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि ती दोन मनगटं हातात घेतली. या वेळी त्यांनी हात मागे ओढले नाहीत. बांधून होईपर्यंत ते स्थिर धरून ठेवायचे, एवढं ते शिकले होते.