बस नको म्हणणारे

रत्नाताई देशकर मूळच्या नागपूरच्या, पण आयुष्याची पस्तीस वर्षं त्यांनी व्हिएन्नात काढली. त्यातली एकोणीस वर्षं त्या ट्राम चालवायच्या. नवरा गेल्यावर मुलगा निमिष त्यांना टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला घेऊन आला. "एकटी कशी राहशील आई?" म्हणाला. व्हिएन्नातला छोटा फ्लॅट त्यांनी विकला नाही, एवढं शहाणपण केलं.

निमिषच्या घरात पाच बेडरूम होत्या, पण दूध आणायचं तरी कुणालातरी कार काढावी लागे. पहिल्याच आठवड्यात त्या दुकानाकडे चालत निघाल्या. सोसायटी संपली तिथे फुटपाथही संपला. कडेच्या गवतातून जात असताना पोलिसांची गाडी थांबली आणि पोलिसाने अदबीने विचारलं, "मॅम, तुम्ही हरवलात का?"

शेजारच्या शैलाताई पुण्याच्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, फिजिओथेरपी तीन मैलांवर. मुलगा-सून ऑफिसात, म्हणून त्यांच्या चार अपॉइंटमेंट कॅन्सल झाल्या होत्या. "पाय आखडलाच आता," त्या म्हणाल्या. ते ऐकून रत्नाताईंचं डोकं फिरलं.

सोसायटीपुढे चौदा सीटच्या छोट्या बसचा प्रस्ताव आलेला होता. दिवसातून तीन फेऱ्या: दवाखाना, लायब्ररी, इंडियन ग्रोसरी. रत्नाताई घरोघर गेल्या. तेलुगू, पंजाबी, मेक्सिकन, एक गोरे आजोबा, अशा अकरा म्हाताऱ्यांच्या सह्या गोळा केल्या.

मीटिंग संध्याकाळी सहाला होती. निमिषनेच त्यांना कारने नेलं. 

दारात प्रत्येकाला एक कागद मिळत होता. बसला विरोध करणाऱ्यांचं पत्र. बाहेरचे लोक आत येतील, घरांच्या किमती पडतील, असा मजकूर. खाली बत्तीस नावं. नववं नाव निमिष देशकर.

रत्नाताईंनी मागे पाहिलं. निमिष फोनमध्ये बघत होता.

त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी लिहून आणलेलं भाषण पर्समध्येच ठेवलं. इंग्रजीत, पण जर्मन ठसक्यात त्या बोलू लागल्या.

"व्हिएन्नाभोवती तट होता. बादशहाने तो पाडून रुंद रस्ता केला. पुढे त्यावरून ट्राम धावल्या. तुम्ही इथे नवा तट बांधताय. युद्धात त्या शहरावर बॉम्ब पडले, ऑपेरा हाऊस जळालं. शहरातली लढाई थांबल्यावर पंधरा दिवसांत ट्रामच्या पाच लाइन सुरू झाल्या. लोकांना खायला धड नव्हतं! मी चालवायचे ती एकाहत्तर नंबर कब्रस्तानाकडे जाते. युद्धाच्या काळात ट्राममधून प्रेतंसुद्धा नेली. तिथे मेलेल्या माणसालाही ट्राम मिळाली. इथे जिवंत बाईला दवाखान्यात जायला बस नाही!"

"मॅडम, तुमची तीन मिनिटं झाली," अध्यक्ष म्हणाले.

मतदान झालं. प्रस्ताव मोठ्या फरकाने पडला.

पार्किंगमध्ये निमिष हळू आवाजात म्हणाला, "आई, समजून घे यार. एवढ्या कष्टाने घर घेतलंय."

"मला यार म्हणू नकोस."

"बसमधून कोण कोण येतील, तुला कल्पना नाही."

"मला नाही?" त्यांचा आवाज चढला. आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले. "मला चांगलं माहीत आहे बसमधून कोण येतं. तू आणि मी यायचो! व्हिएन्नात तुला शाळेत सोडताना शेजारच्या सीटवरची बाई पर्स छातीशी धरून उठून जायची. तू विचारायचास, आई, ती का उठली? आज तूच उठलास, निमिष."

निमिषने कारचं दार उघडलं. घरी जायला दुसरी सोय नव्हती. त्या त्याच्याच कारमध्ये मागच्या सीटवर बसल्या, आणि याचाच त्यांना सगळ्यात जास्त संताप आला.

चार दिवसांनी त्यांनी व्हिएन्नाचं तिकीट काढलं. सून नेत्रा खोलीत आली. "आई, मी सही केली नव्हती."

"त्याला अडवलंही नाहीस."

नेत्रा म्हणाली, "मी दर गुरुवारी वर्क फ्रॉम होम घेईन. शैलाकाकूंना मी नेते."

"ने. पण ते उपकार झाले गं. माणसाला वेळापत्रक लागतं."

व्हिएन्नाला उतरल्यावर त्या बॅग ओढत विमानतळाखालच्या स्टेशनात गेल्या आणि शहराकडे जाणाऱ्या गाडीत बसल्या. निमिषचा फोन आला. "पोहोचलीस? घ्यायला कोण आलंय?"

"इथे कुणाला यावं लागत नाही," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

राग उतरला नाही. निमिषशी त्या अजून मोजकंच बोलतात. शैलाताईंना मात्र रोज फोन करतात. "आज कुठे गेला होतात?" हा पहिला प्रश्न. गुरुवारी शैलाताई थेरपीबद्दल भरभरून सांगतात. बाकीचे सहा दिवस त्या म्हणतात, "कुठे जाणार?" आणि रत्नाताई फोनवरच सोसायटीला शिव्या घालायला लागतात.