सलग सव्वीस मिनिटे

मित्रांनो, मी एक जुना फिटनेस बँड आहे. वय म्हणाल तर फार नाही, पण घरात नवा आला की आम्ही जुने होतो. माझी काच आतून धुरकट झाली आहे आणि स्वभाव मत्सरी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच तुम्ही नाक मुरडायला नको.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. काच आणि पाठ यांच्यामध्ये केसाइतकी बारीक रबरी कडी बसवली, मला पाण्याच्या टाकीत घालून वरून दाब दिला आणि बाहेर काढून तपासले. आत एक थेंबही गेला नव्हता. मग माझ्या पाठीवर '५० मीटर' असे कोरले. त्या दिवशी माझी छाती अभिमानाने फुगली होती, आता छाती नसली म्हणून काय झाले!

मी आलो तो एका बसड्रायव्हर काकांच्या मनगटावर. त्यांच्या छातीत एकदा कळ आली होती, म्हणून कंपनीच्या डॉक्टरांनी त्यांना बसवरून उतरवून चौकशीच्या खिडकीत बसवले होते. "तीन महिने रोज अर्धा तास सलग पोहा. ठोके किती पडतात त्याची नोंद आणून दाखवा, मग स्टिअरिंगला हात लावा," असे त्यांनी बजावले होते. काका खिडकीतून आपल्या बसकडे बघत आणि लोकांना भलत्याच फलाटाचा नंबर सांगत. त्यांची मुलगी दुसऱ्या गावी नर्स होती. तिने मला पाठवले आणि फोनवर सांगितले, "बाबा, हा पाण्यात चालतो. मागे लिहिलंय बघा, पन्नास मीटर."

काकांनी चष्मा लावून वाचले आणि मान डोलावली. तलाव होता पंचवीस मीटर लांब. पहिल्या दिवशी ते एकदा गेले, एकदा आले, झाले पन्नास मीटर! लगेच त्यांनी मला सोडले, काठावर घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवले आणि पुन्हा पाण्यात उतरून अर्धा तास पोहले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

आणि मित्रांनो, त्यांच्या दुसऱ्या मनगटावर कोण होते माहीत आहे का? लॉकरची किल्ली! रबराच्या कड्यात अडकवलेली, गंज चढलेली, एकशे सात नंबरची किल्ली. तिला ना ठोके कळत, ना वेळ. दिवसभर मी काकांची पावले मोजायची, त्यांचे उसासे ऐकायचे, झोपेतली त्यांची चुळबुळ टिपायची, आणि ते पाण्यात खुशीत असायचे तेव्हा सोबत ही बया! ती कुठेतरी निसटून तळाला जावी असे मला रोज वाटे. मी टॉवेलवर पडून जळफळत असे.

बाहेर आल्यावर मात्र काका मला कडकडीत पाण्याने, साबण लावून धूत. "मला आंघोळ, तशी तुलाही," असे म्हणत. तेवढ्यावर मी खूश होत असे. त्या लाडाने माझी रबरी कडी रोज थोडी थोडी झिजत होती, हे त्यांना माहीत नव्हते आणि मलाही नव्हते.

तीन महिने संपले. डॉक्टरांनी नोंद पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "रोज दोनच मिनिटं पोहता?"

"नाही हो साहेब, अर्धा तास पोहतो! पण हा पन्नास मीटरपर्यंतच चालतो ना," काका म्हणाले.

डॉक्टर हसले, पण नियम तो नियमच. आठवड्याभरात निदान एक तरी सलग अर्ध्या तासाची नोंद आणा, नाहीतर आणखी महिनाभर खिडकीतच बसा, असे त्यांनी सांगितले. हे कळताच मुलगी रजा टाकून आली.

"अहो बाबा, ते लांबीचं माप नाही! तेवढ्या खोल पाण्याचा दाब सोसतो, असा त्याचा अर्थ. दिवसभर पोहलात तरी चालेल. आणि गरम पाणी? साबण? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी कशाला सांगायला हवं? वस्तू जपायला नको?" काका पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदाच टॉवेलकडे पाठ फिरवली. मुलगी काठावर उभी राहिली. एक फेरी झाली, दोन झाल्या, तिसरीलाही मी मनगटावरच! पाणी कानाशी गुणगुणत होते. काकांचे ठोके एका लयीत पडत होते, आणि ते मी मोजत होतो. किल्लीकडे मी ढुंकूनही पाहिले नाही.

सव्विसाव्या मिनिटाला माझ्या काचेखाली वाफ धरली. वळताना काकांनी ते पाहिले आणि ते थांबलेच.

"बाबा, थांबू नका! चारच मिनिटं राहिलीत!"

"अगं, याच्या आत पाणी गेलंय!"

"जाऊ दे त्याला! तुम्ही पोहा!"

पण त्यांनी मला पाण्याबाहेर उंच धरले होते आणि एका हाताने पाणी कापत ते काठाकडे निघाले होते. किल्ली खाली पाण्यातच होती. खरे सांगतो मित्रांनो, मला त्या क्षणी केवढा आनंद झाला! त्यांची बस हातची जात होती आणि मी मनात म्हणत होतो, पाहिलेस ना किल्ले, त्यांचे प्रेम कोणावर आहे ते! आज मला त्या आनंदाची लाज वाटते.

मी बंद पडलो. नोंद सव्वीस मिनिटांवर थांबली आणि काका आणखी एक महिना खिडकीत बसले.

मग नवा बँड आला. काका त्याला अर्धा तास सलग पाण्यात नेत, साध्या पाण्याने धूत, मऊ फडक्याने पुसत. सारे काही ते माझ्यावर शिकले आणि फायदा झाला त्याला! गेल्या सोमवारी काका पुन्हा बसवर रुजू झाले. मला त्यांच्यासाठी बरे वाटले. नव्यासाठी मुळीच नाही.

तेव्हा मित्रांनो, वस्तू जपायची तर ती कशी जपायची हे आधी विचारून घ्या, आणि मग तिला तिच्या कामाला न्या. प्रेमाने काठावर ठेवू नका. टॉवेलवर माझे तीन महिने गेले. सलग म्हणाल तर मी सव्वीसच मिनिटे पोहलो. नव्या बँडला त्या मिनिटांबद्दल काही सांगू नका. ती माझी आहेत.