पट्टीचं टोक

भागोजीने प्लास्टिकच्या पट्टीचं एक टोक पुढच्या दातांत धरलं, दुसऱ्या टोकाचे कलमाच्या जोडाभोवती दोन वेढे दिले, करकचून ओढलं, आणि दात पट्टीला लोंबकळत बाहेर आले. क्षणभर हवेत झुलले आणि समोरच्या पिशवीतल्या शेणमातीत पडले. गुलाबी टाळूसकट दोन दात, वर तोंड करून.

शेजारी पिशव्यांत माती भरत बसलेल्या तुळसाने आधी दातांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. हसू दाबायला तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

“हस, हस.”

“मी कुठं हसतंय?” पदर काढून ती म्हणाली. “डाक्टरीणबायने काय सांगितलान होता? हे दात नुसते दाखवायचे. ह्यांनी काय धरायचा नाय, काय ओढायचा नाय.”

भागोजीने दात उचलले, धोतराला पुसले आणि खिशात टाकले. कलमाचा जोड तेवढ्यात सुटला होता. जुन्या झाडाची काडी एकीकडे, रोप एकीकडे.

हे सगळं सुरू झालं मार्चमध्ये, हातखंब्याला मन्सूरभाईंच्या बागेत. पहिला आंबा उतरवताना झेल्याची, जाळी लावलेली लांब काठी फांदीत अडकली, भागोजीने हिसडा दिला आणि काठीचं बूड त्याच्या तोंडावर आलं. वरचे पुढचे दोन दात मुळापासून मोडले. मन्सूरभाई तीस वर्षं कुवेतला काढून आलेले, मनाने मोठे आणि आवाजानेही. “माझ्या बागेत मोडले, आता माझी पोरगीच लावील,” असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. पोरगी म्हणजे डॉक्टर महरीन. मुंबईहून शिकून आली होती आणि जानेवारीतच तिने रत्नागिरीत दवाखाना उघडला होता. जखम भरल्यावर एप्रिलच्या शेवटी तिने भागोजीच्या जबड्यात दोन बारीक स्क्रू बसवले, वर हिरडी शिवून टाकली आणि मधल्या काळासाठी हे काढते-घालते दात दिले.

“आता हाडाने स्क्रू धरायला हवेत, काका. वरचं हाड मऊ असतं. सहा महिने त्यावर जराही जोर नको. मग कायमचे दात बसवू.”

“म्हंजे दिवाळी.”

“दिवाळी.”

“आणि मिरगात काय करू?”

महरीनला कळेना. भागोजीने खुर्चीतल्या खुर्चीत उठून बसून, नसलेल्या दातांत नसलेली पट्टी धरून, मान मागे टाकून ओढून दाखवली. कोय कलम असंच बांधतात. एका हातात जोड, दुसऱ्या हातात पट्टी, आणि पट्टीचं दुसरं टोक दातांत. जितकं घट्ट ओढाल तितकं कलम धरतं. महरीनच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

“कुवेतला म्हणे सकाळी स्क्रू घालतात आन संध्याकाळी दात. भाई सांगत होते.”

“काहींना चालतं तसं. हाड भक्कम हवं, आणि माणूस शहाणा हवा. तुमचं हाड मऊ आहे.” माणसाविषयी ती काही बोलली नाही.

खरं म्हणजे हे सहा महिन्यांचं प्रकरण भागोजीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बांधलेलं कलम महिनाभर सावलीत ठेवायचं आणि त्याला बोटसुद्धा लावायचं नाही, हा त्याचाच कायदा. धरलं की नाही हे बघायला कोणी काडी हलवली तर भागोजी हात मोडायची भाषा करी, मग तो मन्सूरभाईंचा मुंबईचा पाहुणा का असेना. आणि हाच माणूस सकाळ-संध्याकाळ आरशासमोर उभा राहून अंगठ्याने हिरडी दाबून बघत होता.

“तुमचा हात कोणी मोडायचा?” तुळसाने एकदा विचारलं. तेव्हापासून तो विहिरीमागे जाऊन दाबू लागला.

दात मातीत पडले त्या दिवशी महरीनने जबड्याचा फोटो काढला. स्क्रू जागेवर होते. “नशीब समजा. पुन्हा ओढलंत तर तेही पट्टीबरोबर येतील. मग हाड भरेपर्यंत वर्षभर थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.”

पण रोपं कोणासाठी थांबतात? मन्सूरभाईंच्या मांडवात दोन हजार कोयी उगवून आल्या होत्या. तांबूस, लुसलुशीत पानं. ती कोवळी आहेत तोवरच बांधायचं, पंधरा दिवसांत दांडा ताठला की संपलं. रोज दीडशे-दोनशे कलमं हातावेगळी करणारा भागोजी पट्टी दाढेत धरून बघू लागला. दाढेतून ती थुंकीने सुळकन निसटे, आणि मान एका अंगाला धरून धरून त्याला दुपारपर्यंत सरळ बघता येईना. मग त्याने पट्टी मांडवाच्या खांबाला बांधली. तेव्हा प्रत्येक रोप खांबाकडे न्यावं लागे. शेवटी पायाच्या अंगठ्याला बांधून पाहिली आणि तिसऱ्या कलमाला तो पाठीवर उताणा पडला. दिवसाची तीस कलमं झाली, त्यातली निम्मी सैल.

चौथ्या दिवशी मन्सूरभाई आले. त्यांनी सगळं पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली.

“भागोजी, राग मानू नको. धाकूला बोलवू काय रे? या खेपेपुरता.”

पलीकडच्या वाडीतला धाकू. त्याच्या गाठी भागोजीच्या मते कपडे वाळत घालायच्या लायकीच्या. भागोजीने बांधलेली कलमं दापोलीपर्यंत जात, लोक पिशवी हातात घेऊन “भागोजीचं हाय ना?” विचारून घेत. त्या मांडवात धाकू बसणार. भागोजीला इतकं वाईट वाटलं की रागही आला नाही.

“दोन दिस द्या, भाई,” एवढंच तो म्हणाला.

मन्सूरभाई गेले. तुळसाने हातांची माती धुतली, आपला पाट उचलला आणि भागोजीच्या समोर आणून ठेवला. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसली. त्याच्या हातातल्या पट्टीचं टोक घेऊन तिने आपल्या दातांत धरलं आणि भुवई उडवली. बांधा.

भागोजी गडबडला. तीस वर्षं ती माती भरायची, पाणी घालायची, पिशव्या सावलीत मांडायची. कलमाला मात्र एकाच माणसाचा हात लागायला हवा, हे तो सगळ्या पंचक्रोशीला सांगत आला होता. त्याने उठून मांडवाच्या तोंडाला गोणपाट लावलं. “वारा लागता कलमांना,” तो म्हणाला. वारा बिलकूल नव्हता.

पहिलं कलम बांधलं. घट्ट बसलं. दुसरं बांधलं. तुळसाचे दात पहिल्यापासून भक्कम, आणि पट्टी कधी ताणायची, कधी सोडायची हे तिला न सांगता समजत होतं. तीस वर्षं ती नुसती माती भरत नव्हती.

विसाव्या कलमाला एक वेगळंच घडलं. भागोजी बोलू लागला.

आजवर कामाच्या वेळी त्याचं तोंड पट्टीने बंद असायचं. दिवसभर गप्प राहायची सवय घरीही सुटत नसे, जेवताना “आमटी” आणि झोपताना “दार” एवढं बोलला तरी पुष्कळ. आता हात चालत होते आणि तोंड मोकळं होतं. आधी तो काडीविषयी बोलला, मग ज्या झाडाची काडी त्याविषयी, मग ते झाड लावणाऱ्या आपल्या बापाविषयी. आपलं पहिलं कलम सैल बांधलेलं बघून बापाने ते कसं उपटून फेकलं होतं, आणि आपण ते रात्री गुपचूप परत लावलं ते अजून घरामागे कसं फळतं. तुळसाला हे झाड माहीत होतं, गोष्ट माहीत नव्हती. विचारायला तोंड उघडावं तर पट्टी सुटेल. ती डोळे मोठे करी, भुवया चढवी, नाकाने हसे. एवढ्यावर भागोजी दिवसाला दोनशे कलमं बोलला.

बाहेरून मन्सूरभाईंनी गोणपाटाला कान लावला आणि आवाज न करता परत फिरले. धाकूला काही त्यांनी बोलावलं नाही. पण पुढच्या तपासणीला महरीन म्हणाली, “काका, अब्बा म्हणतात तुम्ही हल्ली कलमांशी बोलता. म्हणाले, दातांबरोबर डोकंही बघ.”

“बोलावा लागता, बाय,” भागोजी गंभीरपणे म्हणाला. “त्येनंच धरतात.”

तेराव्या दिवशी शेवटच्या पंचवीस पिशव्या उरल्या तेव्हा गोष्ट त्यांच्या लग्नाशी येऊन पोचली होती. “तुला कधी सांगितला नाय. लग्नाला तीन दिस होते आन माजा धीर सुटला. आयेला पण न सांगता मी दापोलीच्या एस्टीत जाऊन बसलो.” तुळसाच्या दातांतली पट्टी ताठ झाली. तेवढ्यात बाहेर कलमं बघायला माणसं घेऊन आलेले मन्सूरभाई मोठ्याने खोकले, भागोजी गोणपाट काढायला धावला आणि उरलेली कलमं त्याने लोकांदेखत, दाढेने, कशीबशी बांधली.

त्या रात्री तुळसाने विचारलं, “मगे काय झाला?”

“कशाचा?”

“एस्टीचा.”

“काय नाय गो.” आणि मग, “दार.”

पावसाळ्यात कलमं मोजली तर दरवर्षीपेक्षा जास्त जगली होती. भागोजी म्हणाला, पाऊस बेताचा झाला म्हणून. दिवाळीत दात बसले. पांढरे, सरळ, जरा तरुणच. महरीनने पहिले काही महिने मऊ खायला सांगितलं, म्हणून चकली आमटीत बुडवून खाल्ली गेली. हिवाळा गेला, आंबा गेला. तुळसाने एस्टीविषयी आणखी चार वेळा विचारलं आणि चार वेळा “काय नाय गो” ऐकलं.

मिरगाआधी दोघं दवाखान्यात गेली. तुळसा पडद्याबाहेरच्या बाकावर बसली होती. पडदा तो पडदाच, ऐकायला सगळं येत होतं.

“फार छान धरलंय हाडाने,” महरीन म्हणत होती. “आता काही बंधन नाही, काका. ऊस सोलून खा. तुमची ती पट्टीसुद्धा ओढा, फक्त बेताने.”

दुसऱ्या दिवशी मांडवात नवी रोपं तांबूस पानांनी भरून उभी होती. कोपऱ्यात गोणपाट घडी करून पडलं होतं, त्याला कोणी हात लावला नाही. भागोजीने सुरीला धार लावली, रोपाचा शेंडा छाटून खाच पाडली, काडीला पाचर काढून खाचेत बसवली. पट्टी घेतली. टोकाकडे बघत राहिला.

“काय बोलली काल डाक्टरीणबाय?” तुळसाने विचारलं.

“म्हणाली...” त्याने पट्टी उगीच सरळ केली. “म्हणाली, अजून एक वरीस जोर नको.”

सकाळीच त्याने पुढच्या दातांनी सुक्या खोबऱ्याची वाटी फोडली होती. तुळसाने त्याच्या दातांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“बरोबर हाय. डाक्टरचा ऐकावा.”

तिने हात धुतले, पाट उचलून त्याच्या समोर आणला आणि गुडघ्याला गुडघा लावून बसली. त्याने पट्टीचं टोक पुढे केलं. तिने ते लगेच दातांत धरलं नाही, बोटांत धरून ठेवलं.

“दापोलीच्या एस्टीत बसलात,” ती म्हणाली. “मगे?”

आणि टोक दातांत घट्ट धरून ती त्याच्याकडे बघत राहिली.