पाव फेरा

ह्या बॅटरीत द्रव असं काहीच नाही, सगळं घन. मधली चकती खडूसारखी ठिसूळ, तिच्यावर लिथियमचा पापुद्रा लोण्यासारखा मऊ. दोघांचं पटावं म्हणून त्यांना दोन पोलादी पाट्यांत धरून चार बोल्टनी आवळायचं. सैल धरलं तर दोघं तोंडं फिरवतात. फार आवळलं तर मऊ ते ठिसुळाच्या भेगांत शिरतं आणि सेल शॉर्ट होतो.

तीन सेल असेच गेले होते. मधली चकती आता एकच उरली होती. प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या, "हाही गेला तर हे टेबल दुसऱ्यांना."

टेबल भाचीचं होतं. प्रयोगशाळेतले फिटर तिचे सख्खे मामा, म्हणून सगळ्यांचेच मामा.

जेवताना मामा सहज बोलून गेले, "मागच्या सेलचा दाब उतरला होता गं. दिला बोल्टांना पाव फेरा."

"मीही दिला होता," मॅडम म्हणाल्या. "जाता जाता."

भाचीने घास खाली ठेवला. "मी रोज सकाळी देत होते."

मामांनी बोटांवर मोजलं.

"तिघांनी आवळला म्हणायचा," मामा म्हणाले. "पण मायेनं."

"मामा, डिस्चार्ज होताना सेल बारीक होतो, म्हणून दाब उतरतो. तो श्वास सोडत होता, आपण पट्टा आवळत होतो. चार्ज होताना फुगायला जागाच उरली नाही बिचाऱ्याला."

चौथ्या सेलला तिने बोल्टांखाली बशीसारख्या स्प्रिंगा घातल्या. सेल फुगला की त्या दबतील, बारीक झाला की उठतील. दाब एकदाच लावला आणि पाना पिशवीत टाकून घरी नेला.

दुसऱ्या दिवशी मॅडम दाब दाखवणाऱ्या पडद्याजवळ घुटमळल्या. "जरासा उतरलाय, नाही?"

"उतरलाय."

"पाना?"

"आईकडे दिलाय."

"माझ्या बहिणीकडे?" मामा म्हणाले. "मग विसरा."

दुपारी चार्जिंग सुरू झालं. सेल फुगला, स्प्रिंगा दबल्या, दाब किंचित चढून थांबला. मागचे तिन्ही सेल ह्याच टप्प्यावर गेले होते. ह्या वेळी व्होल्टेज कोसळलं नाही. तिघं उभीच होती, हात पाठीमागे बांधून.

"टेबल राहू दे तुझ्याकडे," मॅडम म्हणाल्या आणि गेल्या.

मामांनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून दुसरा पाना काढला आणि भाचीपुढे ठेवला.

"हाही आईकडेच दे."